डाळिंबांच्या शीतगृहातला आरसा

मी आरसे करते असं सांगितलं की आमच्या सावेडीत पहिला प्रश्न येतो तो ड्रेसिंग टेबलचा. एका शेजारणीनं तर कपाटाच्या दाराची मापंच आणून दिली होती. मी तिला म्हटलं, बाई, माझा आरसा खोलगट असतो, त्यात बघून कुंकू लावायला गेलात तर नाक भोपळ्याएवढं दिसेल. मग असला आरसा करायचा कशाला, असं तिनं विचारलं. दुर्बिणीसाठी, असं म्हटल्यावर "हां, म्हणजे सरकारी" एवढं बोलून तिनं मापांचा कागद परत घेतला.

मला माझ्या कामाचा गर्व आहे आणि तो लपवायची मला सवय नाही. नम्रता ज्यांना परवडते त्यांनी ती दाखवावी. मिरजगावच्या गवंड्याची पोर, तीही आमच्या वस्तीतली, तिनं नम्र राहायचं म्हणजे कोपऱ्यात उभं राहायचं, हे मी फार लहानपणी पाहिलं होतं. म्हणून जिथे बोलायची संधी मिळाली तिथे मी मोठ्यानं बोलले. त्यानं माझी काही कामं बिघडली, पण अडलेली बरीच सुटलीही.

शास्त्रज्ञ बाई म्हटलं की लोकांना वाटतं, लहानपणी गच्चीवर पडून तारे मोजत असणार. आम्हाला गच्ची नव्हती. आकाश डोक्यावर रोजच होतं आणि फुकट होतं, त्यामुळे त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. मला वेड होतं ते सपाट जागेचं. माझे वडील फरशी बसवून झाली की तांब्याभर पाणी खोलीच्या मधोमध ओतायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. पाणी कुठेच धावलं नाही तरच थापी धुवायची, नाहीतर फरशी उपटायची. घरमालक म्हणायचा, असू द्या हो, कोण बघतंय. वडील उत्तर न देता फरशी उपटायला लागायचे. माझं विज्ञान त्या तांब्यापासून सुरू झालं असं भाषणात सांगायला बरं वाटतं, पण खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांचा रागच यायचा, कारण त्या दिवशी जेवण उशिरा व्हायचं.

कर्जतला एसटीनं जाऊन-येऊन बारावी केली, नगरला बीएस्सी, पुण्याला पदार्थविज्ञानात एमएस्सी. मग पुण्यातल्याच एका संस्थेत प्रकाशविज्ञानाच्या प्रयोगशाळेत लागले आणि वीसेक वर्षं तिथे राहिले. भिंगं घासली, लोलक घासले, दुसऱ्यांच्या दुर्बिणींना लागणारे सगळे बारीकसारीक भाग केले. मोठा आरसा मात्र नेहमी परदेशातून यायचा. लाकडी पेटीतून यायचा, आणि आम्ही ती पेटी उघडून तो मोजायचो. मोजून झालं की तो किती चांगला आहे याचं कौतुक करायचो. माझी बरीच वर्षं पेट्या उघडण्यात गेली. एकदा अशीच पेटी उघडताना मी वरिष्ठांना विचारलं की आपण कधी एक पेटी भरून पाठवणार आहोत का? ते हसले आणि म्हणाले, तुम्ही भरा. मी ते मनावर घेईन असं त्यांना वाटलं नसावं.

नगरला यायचं कारण साधं होतं. नवरा इथल्या कॉलेजात शिकवत होता, आणि इतकी वर्षं दोन घरं चालवून आम्ही दोघंही कंटाळलो होतो. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. संस्थेतल्या लोकांनी सगळी कारणं सांगून पाहिली: तिथे धूळ फार, वीज जाते, शिकलेले हात मिळत नाहीत. शिवाय आरसा तपासायला लांबच लांब, अंधारी आणि दिवसभर एकाच तापमानाची खोली लागते, ती नगरात कुठून आणणार? तेवढी एकच हरकत मला पटली होती, आणि तिचं उत्तर सोलापूर रस्त्याला सापडलं. डाळिंबं ठेवायचं एक शीतगृह बंद पडून होतं. जाड भिंती, भिंतींच्या आत थर्माकोल, खिडकी एकही नाही, आणि लांबी अशी की एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू येईपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हावा. मी आत शिरले आणि मला रडूच आलं. बरोबर आलेल्या मालकाला वाटलं की बाईंना जागा आवडली नाही.

अजूनही हंगामात एखादा टेम्पो फाटकाशी थांबतो आणि ड्रायव्हर विचारतो, क्रेट कुठं उतरवायचे?

हात मात्र मला तिथेच मिळाले. शीतगृहाचा ऑफिसचा भाग नीट करून घेताना फरशीला पॉलिश करायला एक गृहस्थ आले. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं बारीक, बोलायला कमी. त्यांना मी मामा म्हणते, सगळेच म्हणतात. त्यांनी मशीन फिरवून झाल्यावर गुडघ्यावर बसून तळहात फरशीवरून फिरवला, एका जागी थांबले, पुन्हा मशीन लावलं. मी त्या जागी हात फिरवून पाहिला, मला काही लागलं नाही. पट्टी लावून पाहिली तेव्हा कागद सरकेल एवढी फट दिसली. मी त्याच दिवशी त्यांना विचारलं की काच घासाल का? ते म्हणाले, "घासू की. दगडापरीस काच मऊ असती."

मऊ नसते, पण ते त्यांना काही महिन्यांत कळलं. आरसा घडवायची रीत सांगायला सोपी आहे. काचेची जाड तबकडी आधी खोलगट घासायची, मग डांबरासारख्या चिकट पिचचा थर दिलेल्या थाळीनं, पाण्यात कालवलेली बारीक पूड घालत घालत पॉलिश करायची. शेवटी शेवटी तर केसाच्या जाडीचे दोन हजार भाग केले आणि त्यातल्या एका भागाएवढा उंचवटा राहिला, तरी आम्ही त्याला डोंगर म्हणतो. तो डोंगर डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. लेझरच्या यंत्रानं आरशाचा रंगीत नकाशा पडद्यावर येतो, उंच भाग तांबडा आणि खोल भाग निळा. नकाशा बघून मी सांगायची की इथे एवढं काढा, आणि मामा तेवढं काढायचे. थाळीवर किती जोर द्यायचा हे मी आकड्यात सांगू शकत होते, पण तो जोर द्यायला जमायचं त्यांनाच. लहान लहान आरसे करत आम्ही नऊ वर्षं काढली. त्यातला एकही परत आला नाही.

मग एका डोंगरावरच्या वेधशाळेनं आमच्यावर मोठा आरसा टाकला. सव्वा मीटर रुंदीचा. काच त्यांची, परदेशातून ओतवून आणलेली, एकच. त्या पेटीचा एकेक खिळा मी स्वतः काढला, कारण ह्या वेळी पेटीत आरसा नव्हता, नुसती काच होती. काचेच्या कडेजवळ बाजरीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा होता. ओतताना असा एखादा राहतो, त्यानं काही बिघडत नाही. वेधशाळेच्या प्रमुखांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की त्यांच्या समितीतल्या निम्म्या लोकांचा नगरला विरोध आहे, हा आरसा नीट झाला तर पुढचेही इथे होतील, आणि बिघडला तर हा विषय पुन्हा कुणी काढणार नाही. मी म्हटलं, बिघडणार नाही. असं बोलायला मी कधी मागेपुढे पाहत नाही.

दीड वर्ष लागलं. शेवटची परीक्षा उरली, आणि ती काय असते ते इथे सांगायला हवं. तपासताना आरसा उभा करावा लागतो. रुंद पट्ट्याच्या झोळीत तो ताटासारखा उभा राहतो, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला यंत्रापाशी बसते. आता एवढी जड काच उभी केली की स्वतःच्या वजनानं ती खाली किंचित दबते. नकाशात ते दबणंही उमटतं. मग नकाशातला दोष काचेचा आहे की उभं राहण्याचा, हे ओळखायचं कसं? तर आरसा पाव फेरा फिरवून पुन्हा तपासायचा, असं चार वेळा. काचेचा दोष काचेबरोबर फिरतो, वजनाचा दोष जागच्या जागी राहतो. एरवीच्या तपासण्या आम्ही एकाच बाजूनं करतो, पण ही चार फेऱ्यांची परीक्षा झाल्याशिवाय आरसा पास म्हणायचा नाही, हा माझा नियम. लहान आरसे मी स्वतःच हातानं फिरवत आले होते. माझ्या कार्यपद्धतीच्या कागदावर तो इंग्रजीत लिहिलेला होता: आरसा फिरवा, तपासा, चार वेळा. खाली एक चौकोन होता, "फिरवताना स्वतः पाहिले", आणि त्यापुढे माझ्या सहीची जागा.

प्रत्येक फेऱ्याला साखळीची पुली लावून आरसा उचलायचा, फिरवायचा, पुन्हा झोळीत ठेवायचा, आणि हातांच्या उबेनं हललेली काच निवायला दोन तास द्यायचे. ते काम मामांचं. मी पुढे ऑफिसात बसून फोन घेत होते. दोन तासांनी मामा येऊन "झालं ताई" म्हणायचे, मी अंधारात जाऊन नकाशा घ्यायची. चारही नकाशे निघाले आणि चारही तंतोतंत सारखे. कुठेही तांबडं नाही, निळं नाही, सगळीकडे शांत हिरवा. मी चौकोनात सही केली. वेधशाळेला कळवलं की आरसा तयार आहे. पेढे आणवले, शेजारच्या कारखान्यांत वाटले. वडिलांना मिरजगावला फोन केला, आणि ते नेहमीसारखं विचारत बसले की घसरून पडण्याइतका गुळगुळीत झालाय का. त्या दिवशी मी इतकी खूश होते की स्कूटर ऑफिसातच विसरून रिक्षानं घरी गेले.

नगरच्या एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं माहिती विचारली, मी त्याला चारही नकाशे पाठवून दिले, हवा तो छापा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "मॅडम, चुकून एकच फोटो चार वेळा आलाय," तो म्हणाला. "बाकीचे तीन पाठवता का?"

मला हसू आलं. आरसा इतका चांगला आहे की चारही बाजूंनी सारखाच दिसतो, हे त्याला जरा मोठेपणानं समजावून सांगायला मी तोंड उघडलं, आणि सांगता सांगता मोबाईलवर ते चार नकाशे एकाखाली एक पाहिले. चारही नकाशांत कडेजवळ एक पांढरा ठिपका होता. तो बाजरीचा बुडबुडा. घड्याळात अकरा वाजतात त्या जागी. पहिल्या नकाशात अकरा, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात अकरा, चौथ्यातही अकरा. आरसा फिरला असता तर तो ठिपकाही फिरला असता. वीस-तीस वर्षं नकाशे वाचणाऱ्या बाईला आकडे एवढे आवडले होते की चित्राकडे तिनं पाहिलंच नव्हतं. मी बातमीदाराला म्हटलं, बातमी थांबवा. त्यानं कारण विचारलं, मी फोन ठेवला.

मी शीतगृहात पोचले तेव्हा मामा आरशासाठी पेटीच्या फळ्या कापत होते. आरसा फिरवला होता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, फिरवला की. किती फिरवला? त्यांनी हवेत हातानं पुरता एक फेरा काढून दाखवला. खालची बाजू वर, वरची खाली, आणि पुन्हा होती तशी. चारही वेळा. मला वाटलं ते थट्टा करतायत, पण मामा कामात थट्टा करत नाहीत. मी विचारलं की मग परत जागच्या जागी का आणला? त्यांनी सरळ सांगितलं.

"त्या बाजूला कुंकू हाय ताई. खंडेनवमीला लावल्यालं. कुंकू लावल्याली बाजू खाली पट्ट्यात कशी ठिवायची? पायाखाली घेतल्यागत व्हतं. म्हनून पुरा फेरा दिऊन परत वर आनली. आरसा फिरला तर हाय की."

आता हे कुंकवाचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मामा करतात. मी बौद्ध घरातली, मी हात जोडत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी मला नारळ फोडायला सांगितलं, मी म्हटलं, तुम्ही फोडा, मी खोबरं खाते. तेव्हापासून तसंच चाललं आहे, आणि आमच्यात त्यावरून कधी वाकडा शब्द झाला नाही. त्या वर्षी त्यांनी आरशाच्या खरबरीत कडेला हळद-कुंकवाची दोन बोटं ओढली. नेमकी वरच्या बाजूला, जिथे आम्ही खडूनं खूण करत असू तिथेच. मला ती बोटं माहीत होती. पण मी तिकडे मुद्दाम बघत नसे. माझं मन किती मोठं आहे हे दाखवायची ती माझी रीत होती: तुमचं तुम्ही करा, मी बघणारही नाही. विज्ञानाच्या खोलीत एक खूण लागली होती आणि प्रयोगशाळेची मालकीण शिष्टाचार म्हणून तिच्याकडे पाठ करून उभी होती.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी ओरडले. जे बोलले त्यातलं बरंच लिहिण्यासारखं नाही. तुमच्या देवामुळे माझं आयुष्य वाया गेलं, असंही एक वाक्य त्यात होतं. मामांनी ऐकून घेतलं. मग करवत खाली ठेवून ते म्हणाले, "मग कळवा त्यास्नी, की म्हाताऱ्यानं चूक केली. मला कोन वळखतंय तितं? तुमचं नाव राहील."

मी ऑफिसात जाऊन दार लावून बसले. खरं सांगते, अर्धा तास मी ते पत्र मनात लिहिलं. एका अकुशल कामगाराच्या गैरसमजामुळे, असं सुरू होणारं. पत्र चांगलं झालं होतं. त्याहून वाईट पत्र दुसरं, म्हणजे कुठलंच न लिहायचं. आरसा जाऊ द्यायचा. दोष असलाच तर केसाच्या काही हजाराव्या भागाएवढा. डोंगरावर बसवल्यावर तारे जरा लांबट दिसले तर ते आधी आपल्या लोखंडी बैठकीत चूक शोधतील, सहा महिने खिळे आवळत बसतील, आणि मी नगरला बसून सल्ले देत राहीन. असं जगात घडत नाही असं नाही. पेट्या उघडण्याच्या काळात आलेल्या एक-दोन आरशांबद्दल मला तसा संशयही आला होता.

मग मी कार्यपद्धतीचा कागद काढला, मामांनी नक्की काय मोडलं ते दाखवता यावं म्हणून. त्यांनी काहीच मोडलं नव्हतं. आरसा फिरवा, असं लिहिलं होतं, त्यांनी फिरवला होता. का फिरवायचा, हे कागदावर नव्हतं, आणि मी इतक्या वर्षांत तोंडीही सांगितलं नव्हतं. खोटं त्या कागदावर एकच होतं: "फिरवताना स्वतः पाहिले", आणि त्यापुढे माझी ऐटदार सही. मी तेव्हा ऑफिसात चहा पीत होते. फरशी उपटणाऱ्या माणसाच्या पोटी जन्मून मी न बघता सही केली होती, याची मला जी लाज वाटली ती आजही सांगताना वाटते.

वेधशाळेच्या प्रमुखांना मी त्याच दुपारी फोन केला. सगळं सांगितलं, कुंकवासकट, आणि सही माझी खोटी आहे हेही. त्यांनी विचारलं की तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं असतं का? मी म्हटलं, कळलं असतं, पण वर्षभरानं, आणि दोष तुमच्या माणसांवर आला असता. ते म्हणाले की समितीपुढे हे मांडणं त्यांना फार जड जाणार आहे, आणि नव्यानं परीक्षा होईपर्यंत ते कुठलंही वचन देऊ शकत नाहीत. आरसा कदाचित अर्धवट स्थितीतच दुसरीकडे जाईल. मी म्हटलं, बरोबर आहे.

संध्याकाळी मी मामांना सांगितलं की वेधशाळेला फोन केला आणि चूक माझी आहे असं सांगितलंय. त्यांनी मान हलवली. मी ओरडल्याबद्दलही बोलायला लागले, तर ते म्हणाले की फळ्या अर्ध्या कापून झाल्यात, तशाच राहू द्यायच्या का?

समितीनं तीन महिने दिले. आरसा खरोखर फिरवून तपासला तेव्हा दोष उघडा पडला. उभ्यानं दबलेल्या काचेला आम्ही इतके महिने सरळ समजून पॉलिश करत आलो होतो, त्यामुळे तिला खोगिरासारखा बाक आला होता: दोन बाजू वर, दोन खाली. बाक बारीक होता, पण तो काढायला मशीन चालणार नव्हतं. मशीन सगळीकडे सारखं घासतं. मामांनी तो हातानं काढला. लहान थाळी, रोज दोन तास, त्याहून जास्त नाही, कारण हात थकला की जोर बदलतो. मी बाजूला उभी राहून पाणी सोडत असे. गावाकडून निरोप यायचे, पेढे खाल्लेले कारखानदार विचारायचे की गेला का आरसा? पेढे काही परत मागता येत नाहीत. मी सगळ्यांना सांगत होते की चूक झाली, पुन्हा करतोय. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली, मग सवय झाली. आणि गंमत अशी की त्या तीन महिन्यांत मला जितका अभिमान वाटला तितका आधीच्या दीड वर्षात वाटला नव्हता. एक माणूस दोन हातांनी केसाचा हजारावा भाग काढत होता, नगर जिल्ह्यात, डाळिंबांच्या खोलीत, आणि मी ते डोळ्यांनी बघत होते. असं काम जगात फार थोडे लोक करतात. त्यातला एक सकाळी सायकलवरून डबा घेऊन यायचा.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी पुलीपाशी उभी होते. पहिला नकाशा झाला. पाव फेरा द्यायच्या वेळी मामांनी ओला फडका घेतला, कडेची ती दोन बोटं पुसली, फडका कपाळाला लावला आणि साखळी ओढली. दोन तासांनी मी त्यांना माझ्याबरोबर यंत्राच्या टोकाला चला म्हटलं. इतक्या वर्षांत ते त्या टोकाला नकाशा निघताना कधी आले नव्हते. त्यांची जागा आरशापाशी, माझी पडद्यापाशी, असंच ठरून गेलं होतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि आधीचा आणि आत्ताचा नकाशा शेजारी शेजारी लावून ठिपका दाखवला. आधी अकराला होता, आता दोनवर आला होता. पुढच्या फेऱ्याला पाचवर गेला, मग आठवर. वजनाच्या दबण्याची फिकट छटा चारही नकाशांत जागच्या जागी राहिली, आणि ठिपक्याबरोबर फिरला असा एकही डाग कुठे नव्हता.

मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं: उभ्या काचेचं दबणं, काचेचा दोष आणि वजनाचा दोष, कुठला फिरतो आणि कुठला फिरत नाही. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यांनी एकच शंका विचारली, की डोंगरावर आरसा आडवा-तिरपा होईल तेव्हा काय? ती शंका इतकी नेमकी होती की मला तिचं उत्तर देताना कागद घ्यावा लागला. उत्तर ऐकून ते पडद्याकडे बघत बसले. पास झालेला आरसा त्यांच्यासमोर होता, आणि तो खरा पास आहे हे आता त्यांनाही माझ्याइतकंच कळत होतं.

तो आरसा पुढच्या आठवड्यात ट्रकमध्ये चढला. वेधशाळेनं त्यांच्या यंत्रावर पुन्हा तपासला, आकडे आमच्या आकड्यांशी जुळले, आणि समितीनं पुढची काच आमच्याकडेच धाडायची ठरवली, आधीचा चुकीचा अहवाल फाईलला जोडून. पण हे नंतरचं. त्या दिवशी मी नव्या अहवालाचा कागद काढला. "फिरवताना स्वतः पाहिले" या चौकोनाच्या वर मी आणखी एक चौकोन वाढवला होता, आरसा फिरवणाऱ्याच्या सहीचा. मी पेन उघडलं, तेवढ्यात मामा बोलले. रागानं नाही, एखादं माप चुकलं तर सांगतात तसं.

"ताई, का फिरवायचा त्ये पयल्याच दिवशी सांगितलं असतं, तर म्या कुंकू पाठीला मधोमध लावलं असतं. आरसा कसाबी फिरवा, मधलं टिंब कुटं खाली जातंय?"

मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि वरचा चौकोन दाखवला.